लाल बनातीची बैठक

आजारी लेकराला नाकारलेलं पाणी आई मरेपर्यंत विसरत नाही, आणि ज्यानं ते नाकारलं त्याला ती कधी क्षमा करत नाही. हे वाक्य मी पुष्कळ वर्षं मनात जपलं. म्हणताना छाती भरून येते, आवाज आपोआप खाली जातो. माझ्या बाबतीत ते खरंही आहे. फक्त एवढंच, की क्षमा न करण्यातला माझा बराचसा वेळ सुईत दोरा ओवण्यात गेला. रागानं टाके घातले तर ते वाकडे पडतात, म्हणून मधूनमधून राग बाजूला ठेवावा लागला.

लढाईचे दिवस होते. आम्ही कर्जतला होतो, हे तिथल्या कचेरीत कारकून. मी नगरच्या एका शाळामास्तरांची मुलगी. लग्नात दोन ट्रंका घेऊन आले, त्यांतल्या एकीत नुसती पुस्तकं. सासरी याचं कौतुक झालं, पण लढाई लांबली, कापडावर कंट्रोल आलं, आणि त्या ट्रंकेतही कपडेच असते तर बरं झालं असतं हे मला कळलं. पुस्तकानं काहीही पुसता येत नाही.

आमचे घरमालक मामलेदारीवरून पेन्शनीत निघालेले होते. वॉर फंडाला त्यांनी अख्ख्या तालुक्याकडून भरघोस हातभार लावून घेतला, त्याबद्दल त्यांना रावसाहेब ही पदवी मिळाली. सनद काचेच्या चौकटीत ओटीवरच्या भिंतीला लावलेली होती. पदवी येण्याआधी लोक त्यांना काय म्हणत ते कोणाला आठवत नव्हतं. त्यांना स्वतःलाही नाही. ते स्वतःचा उल्लेख 'रावसाहेबांचं म्हणणं असं' असाच करत. ऐकणाऱ्याला वाटे, रावसाहेब आत बसलेत आणि हे त्यांचे कोणी हुजरे आहेत.

घर दगडी, धाब्याचं. पुढं ते, मागच्या दोन खोल्यांत आम्ही, मध्ये अंगण आणि अंगणात आड. आडाच्या रहाटाजवळ एक पाटी होती: 'सूर्यास्तानंतर पाणी काढू नये. हुकमावरून.' हुकूम कोणाचा ते पाटीवर नव्हतं, पण दिवेलागणीला रावसाहेब स्वतः येऊन पोहरा आणि दोर उचलून आत नेत आणि सनदेखालच्या खुंटीला अडकवत. वर सनद, खाली पोहरा. रात्री त्यांच्या ओटीवर कंदील असला की दोन्हींवर सारखाच उजेड पडे.

फाल्गुन सरत आला होता. आडाचं पाणी खाली गेलेलं. आमची मुलगी अडीच वर्षांची होती. एका रात्री ती झोपेतून उठून बसली, माझ्याकडं गंभीरपणे पाहिलं आणि ओकली. गोधडीवर, माझ्यावर, आणि सकाळी कचेरीत जायला म्हणून घडी घालून ठेवलेल्या यांच्या कोटावर. मी तिला उचललं तर खालूनही सुरू झालं.

त्या पहिल्या रात्री मला काहीच येत नव्हतं. मी पाण्याकडं धावले, सगळं भिजवलं, आणि शेणानं सारवलेल्या जमिनीचा चिखल करून ठेवला. दुसऱ्या रात्रीपर्यंत मी शहाणी झाले होते. आधी पाणी नाही, आधी राख. चुलीतली थंड राख मूठमूठ टाकायची आणि दम धरायचा. राख ओल पिऊन घेते. मग झिजलेल्या केरसुणीच्या बुडख्यानं ते सगळं पत्र्याच्या तुकड्यावर ओढायचं, मग ओलं फडकं, मग कोरडं. जमिनीचा तेवढा पोपडा सकाळी खरवडून पुन्हा सारवायचा. गोधडी मात्र कधी ओली होऊ द्यायची नाही. भिजलेली गोधडी दोन माणसांना उचलत नाही आणि चार दिवस वाळत नाही. म्हणून तिच्यावर फडकी अंथरायची, एकावर एक, आणि वरचं खराब झालं की तेवढंच काढून घ्यायचं.

फडकी होती कुठं? दुपटी पहिल्या रात्रीच संपली. यांचं जुनं धोतर दुसऱ्या रात्री गेलं. मग मी माझं एक जुनं लुगडं काढलं आणि अंधारात टराटरा फाडलं. नऊ वारांचे नऊ तुकडे. त्या आवाजानं मुलगी रडायची थांबली, तिला ती गंमत वाटली. पुढं ती कळवळून रडायला लागली की मी एखादं फडकं उगाचच आणखी अर्धं फाडत असे.

यांच्याकडं कंदील धरण्याचं काम होतं. ते त्यांनी मनापासून केलं, पण जिथं घाण झाली असेल तिथं उजेड पडू नये अशी त्यांची काळजी असे. उजेड कोपऱ्यातल्या ट्रंकेवर आणि मी अंधारात हातानं चाचपतेय.

"अहो, इकडं धरा."

"धरतो. पण फार पसरलंय का?"

"बघितलंत तर कळेल."

"तू सांग ना. मी कंदील धरतोय."

दवाखान्यातून आणलेलं गुलाबी मिक्श्चर पोटात राहत नव्हतं. जायफळ, मुरुडशेंग उगाळून चाटवली, तीही बाहेर आली. तिसऱ्या रात्री मुलीचे डोळे खोल गेले होते आणि ओठांची सालं निघत होती. ती रडत नव्हती. तीन दिवस तिनं रडू नये म्हणून धडपडलेली मी, आता ती रडत का नाही म्हणून घाबरले. ती फक्त म्हणत होती, "पानी." एक घोट पाजला की ओके, आणि ओकलं की पुन्हा "पानी." घरात एक हंडा आणि एक कळशी पाणी भरून ठेवलं होतं. हात धुण्यात, तिला पुसण्यात आणि घोटाघोटानं पाजण्यात मध्यरात्रीआधीच दोन्ही रिकामी झाली. हंडा वाकडा केला तर तळाशी जे निघालं त्यात पेला भरला नाही.

मी कळशी घेऊन अंगण ओलांडलं आणि रावसाहेबांच्या दाराची कडी वाजवली.

बऱ्याच वेळानं आतून आवाज आला, "कोण आहे?"

"मी, मागच्या खोलीतली. रावसाहेब, पोहरा देता का? मुलीला पाणी पाजायला घरात थेंब नाही."

"आत्ता?"

"तिला आत्ता तहान लागलीय."

दार उघडलं नाही. आवाज दाराजवळ आला आणि तिथं उभं राहून बोलू लागला. "बाई, नियम एकासाठी मोडला की सगळ्यांसाठी मोडतो. रावसाहेबांचं म्हणणं असं, की रात्री पाणी ढवळलं तर सकाळी गढूळ येतं. शिवाय तुमच्याकडं हा ओकारीचा प्रकार. पटकीचा असला तर आडाला धोका."

"मी आडाजवळ काही धुणार नाही. दोन पोहरे काढते आणि जाते."

"यजमानांना लेखी अर्ज द्यायला सांगा. सकाळी विचार करू."

पुढं मी काही पुस्तकांत वाचलं, की अशा आजारात आडाला जपणं मुळीच चुकीचं नाही. शास्त्र थोडंफार रावसाहेबांच्या बाजूनं होतं. पण पोहरा त्यांचा, दोर त्यांचा. स्वतः उठून दोन पोहरे काढून माझ्या कळशीत ओतले असते तर शास्त्राचीही हरकत नव्हती. ते परत जाऊन निजले. मला पलंगाचा आवाज ऐकू आला.

मी आडाच्या काठावर उभी राहून खाली पाहिलं. पाणी होतं. त्यात चांदण्या दिसत होत्या. तेव्हाच मी ठरवलं, की या माणसाचं मी काहीतरी करीन. काय करीन ते ठरलं नव्हतं. करीन हे ठरलं.

अंगणाच्या पलीकडं कमरेएवढी भिंत होती आणि तिच्यामागं पिंजाऱ्याचं घर. तो दिवसभर कापूस पिंजायचा, त्याच्या धनुष्याचा टणटण आवाज मला पाठ झाला होता. त्याची बायको गाद्या शिवायची, गोधड्या घालायची. तिला आसपासचे सगळे चाची म्हणत. ती भिंतीवरून वाकून उभी होती.

"पोरी, भिताडाशी काय बोलतीस अंधारात?"

"चाची, पाणी हवं होतं."

"ऐकलं मी. त्यो दार उघडत न्हाई म्हन्जे न्हाई. हिकडं आन ती कळशी. रांजण भरलेला हाय." मग हात पुढं करता करता ती थांबली. "तुला चालल का पर आमचं?"

त्या काळी हा प्रश्न साधा नव्हता. माझ्या घरात, ह्यांच्या घरात, पिढ्यान्‌पिढ्या त्याचं उत्तर ठरलेलं होतं. मी म्हटलं, "मुलीला चालेल."

"मंग आन की बिगी बिगी."

तिनं कळशी भरून दिली, आणि वर एका टोपल्यात पिंजताना खाली पडलेला खराब कापूस आणि घरातली आठदहा जुनी फडकी. "फडकं नुसतं हातरू नगंस. खाली ह्यो कापूस पसर, वर फडकं घाल. कापूस सकाळी फेकून द्येयाचा. आनि पानी चमच्यानं पाज. घटाघटा पाजलं की ती भाईर टाकती. चिमूटभर मीठ घाल त्यात, जरासा गूळ घाल."

मी घरात आले. ह्यांनी कळशीकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं. "पिंजाऱ्याच्या घरचं?" एवढं विचारलं आणि मुलीकडं पाहून पुढचं गिळलं. मग म्हणाले, "कंदील कुठं धरू?" त्या रात्री त्यांनी तो पहिल्यांदा बरोबर जागी धरला.

मी चमच्याचमच्यानं पाणी पाजत होते. मुलगी दोनदा ओकली, मग तिसऱ्यांदा नाही. हे काय करत होते? ट्रंकेवर कागद ठेवून अर्ज लिहीत होते. लेखी अर्ज मागितला की लिहायचा, हे कारकुनाच्या हाडात असतं. अक्षर मोत्यासारखं: 'अर्जदाराची मुलगी, वय अडीच वर्षे, आजारी असून रात्रीच्या वेळी स्वच्छतेकामी पाण्याची निकड भासते. तरी मेहेरबान रावसाहेबांनी कृपावंत होऊन दोन पोहरे पाणी काढण्याची परवानगी द्यावी.' पहाटे मुलीला झोप लागली. तिच्या नाकाशी हात धरून मी श्वास पाहत बसले. सकाळी ती उठली आणि भूक लागली म्हणाली.

अर्जावर त्याच दिवशी लाल पेन्सिलीनं शेरा मिळाला: 'वाचले. नियमास अपवाद केल्यास नियम राहत नाही. सूर्योदयानंतर पाणी काढण्यास हरकत नाही.' खाली सही, पदवीसकट. सूर्योदयानंतर पाणी काढायला आम्हाला आधीही हरकत नव्हती. पण आता ते लेखी होतं. तो कागद मी जपून ठेवला.

दोन दिवसांनी त्यांच्या कानावर चाचीच्या पाण्याची गोष्ट गेली. आमची कळशी विस्तव घालून शुद्ध केल्याशिवाय पोहऱ्याला लागू नये असा निरोप आला. मी कळशीत जळती गोवरी टाकली आणि त्यांच्या ओटीसमोर धूर करत बसले. मुलीच्या पोटात गेलेल्या पाण्यात विस्तव कसा घालायचा ते त्यांनी सांगितलं नाही.

मुलीचं पोट पुरतं ताळ्यावर यायला पंधरवडा लागला. रोज रात्री दोनचार फडकी, रोज सकाळी ती धुऊन दोरीवर. माझ्या लुगड्याचे तुकडे, धोतराचे तुकडे, चाचीच्या घरची निळी-पिवळी ठिगळं. त्यावरूनही बोलणं आलं. "बाई, भेटायला येणाऱ्यांना ओटीवरून ही फडकीच दिसतात. पताका लावल्यासारख्या." दोरीवर वाळणारं फडकं कशाचं आहे हे पुरुषांना कधी दिसत नाही. त्यांना ते दिसतं एवढंच दिसतं.

त्या पंधरवड्यात सुडाचे पुष्कळ प्रकार माझ्या मनात येऊन गेले. रात्री जागं राहणाऱ्या माणसाला विचार करायला वेळ असतो. पोहरा आडात टाकावा. पण मग पाणी कशानं काढणार? पाटीवरची अक्षरं बदलावी; पण ती फारच पोरकट. सनदेच्या काचेमागं झुरळं सोडावी, हा विचार मला बरेच दिवस आवडला होता. एका रात्री मात्र, अगदी वाईट झालेलं एक फडकं हातात असताना, मी ते धुवायच्या ढिगात टाकलं नाही. एका फुटक्या मडक्यात राख घालून त्यात ते पुरून ठेवलं. का, ते तेव्हा मलाही नक्की माहीत नव्हतं. एखाद्या घरात बंदूक असते, तसं ते मडकं माझ्या घरात होतं, एवढंच.

आणि चैत्रात रावसाहेब आपण होऊन चालत आले.

त्यांची साठीशांत वैशाखात होती. तालुक्यातले मोठे लोक यायचे होते, नगरहूनही कोणी येणार होते. शांत झाल्यावर लोकांनी येऊन नमस्कार करायचे, आणि त्यासाठी त्यांना बसायला एक बैठक हवी होती. त्यांना मूळव्याधीचा त्रास होता. ही गोष्ट गुप्त होती, म्हणजे फक्त अंगणात माहीत होती. हल्ली कठीण जागी बसवत नाही, असं ते ह्यांना म्हणाले आणि माझ्याकडं न पाहता मला ऐकवत राहिले. त्यांच्या हातात लाल बनातीचा, जाड लोकरी कापडाचा, मोठा तुकडा होता. सनद देण्याच्या समारंभात कलेक्टरसाहेबांची खुर्ची या बनातीवर ठेवलेली होती. समारंभानंतर रावसाहेबांनी ती मागून घेतली होती.

"बाईंचं शिवणकाम चांगलं आहे असं ऐकतो. वरून ही बनात. जाड हवी, चांगली वीतभर."

हे म्हणाले, "आत कापूस लागेल. पिंजाऱ्याकडून पिंजून..."

"छे! देवाधर्माचं काम. पिंजाऱ्याच्या हातचं नको. आणि कापूस बसून बसून दबतो." मग त्यांनी आमच्या दोरीकडं बोट केलं. "ही तुमची फडकी एवढी आहेत. रोज बघतो. हीच दाबून भरा की."

मी म्हटलं, "भरते."

ते गेल्यावर हे माझ्याकडं पाहत राहिले. "तू हो म्हणालीस?"

"त्यांना बसायला त्रास होतो."

"मला वाटलं होतं तू कधी त्यांचं तोंड पाहणार नाहीस. मोठ्या मनाची आहेस खरी." मी मान खाली घालून ते कौतुक स्वीकारलं. फुकट मिळालेलं कौतुक परत करण्याची मला सवय नाही.

शिवणकामाची गोष्ट अशी, की मला झबली शिवता येत, वीतभर जाड बैठक नाही. त्यासाठी दाभण लागतं आणि मनगटात जोर. म्हणजे चाचीच. दुपारी रावसाहेब वामकुक्षीला गेले की मी बनात आणि फडकी भिंतीवरून पलीकडं द्यायची आणि मागून स्वतः जायची. तिच्या पडवीत बसून आम्ही थर रचले. पिंजाऱ्याच्या हातचं नको होतं, म्हणून पिंजाऱ्याच्या बायकोच्या हातचं झालं. खाली माझं लुगडं, त्यावर धोतर, त्यावर चाचीची निळी-पिवळी ठिगळं. प्रत्येक फडकं मला ओळखू येत होतं. हे पहिल्या रात्रीचं. हे दोनदा वापरलेलं. हे, ज्या रात्री ती रडेना, त्या रात्रीचं. मी चाचीला एकेक सांगत होते आणि ती हसून हसून दाभण खाली ठेवत होती.

"बसंल त्यो त्येच्यावर? मोठी मान्सं येत्याल, त्येंच्या म्होरं?"

"वर चढून बसेल."

"या अल्ला!"

मग मी फुटकं मडकं काढलं आणि राखेतलं फडकं चिमटीत धरून वर केलं. "हे अगदी मधोमध घालायचं."

चाचीचं हसणं थांबलं. तिनं वास घेतला. "धुतलं न्हाईस?"

"मुद्दाम नाही धुतलं."

"मंग न्हाई जमायचं."

"चाची, सगळी मजा यातच आहे."

"तुजी मजा हुईल, माझी बैठक सडंल. न धुतलेलं कापड आत घातलं की किडं व्हत्यात. दोन म्हैन्यात वास मारंल, टाके उसवत्याल. ही शिवन माझी हाय. लोकं बघत्याल तवा काय म्हन्त्याल?"

"तू शिवलंय हे कोणालाच कळणार नाही."

"मला ठावं हाय न्हवं?" तिनं फडकं माझ्या हातात परत दिलं. "राग घाल की तुजा पायजे तेवढा, त्येला काय किडं लागत न्हाईत. कापड मातुर धुऊन घाल."

मी बराच वाद घातला. माझ्याजवळ पुस्तकांतून मिळवलेले पुष्कळ दाखले होते, मोठमोठ्या राजघराण्यांतले. त्यातल्या एकाही सूड घेणाऱ्याच्या शेजारी गादी शिवणारी बाई बसलेली नव्हती. शेवटी मी घरी आले, सगळी फडकी पुन्हा आडाजवळच्या दगडावर आणली आणि भर दुपारी धुवायला बसले. ते एक फडकं तर तीन पाण्यांनी काढलं.

रावसाहेब ओटीवर आले. "बाई, किती पाणी ओढता?"

"तुमच्याच बैठकीचं काम चाललंय."

"मग हरकत नाही. नीट स्वच्छ करा. देवाधर्माचं काम."

राग आवरायला मला त्या वेळी बरंच घासावं लागलं. फडकं पांढरंशुभ्र झालं.

संध्याकाळी मला दुसरी युक्ती सुचली. अर्जाचा कागद. दुसऱ्या दिवशी तो चार घड्या करून मी सगळ्यात वरच्या थराखाली ठेवला, बरोबर बसण्याच्या जागी. चाचीनं विचारलं, "कागुद कसला?"

"त्यांचा हुकूम. पाणी काढायला हरकत नाही असा."

तिनं तो उलटसुलट करून पाहिला. तिला वाचता येत नव्हतं, पण लाल पेन्सिल कळत होती. "राहू दे. ह्येला कीड लागली तर लागू दे," म्हणाली आणि वरून बनात ओढून दाभण टोचलं.

साठीशांतीच्या दिवशी अंगण माणसांनी भरलं. भटजींना बैठकीची शंका आली. सोवळ्यात सुती कापड चालत नाही.

"वरून बनात आहे," रावसाहेब म्हणाले. "लोकर."

"मग चालते. लोकर विटाळत नाही." आत काय आहे असं भटजींनी विचारलं नाही. शास्त्र वरचं कापड पाहतं.

होम झाला, अभिषेक झाला, आणि पगडी घालून, छातीवर बिल्ला लावून रावसाहेब बैठकीवर बसले. सनद त्या दिवशी भिंतीवरून काढून त्यांच्या मागं टेकून ठेवली होती. ते टेकताच आतून कुरकुर असा आवाज आला. त्यांनी जरा वजन या मांडीवरून त्या मांडीवर केलं. पुन्हा कुरकुर. त्यांनी बायकांच्या घोळक्यात माझ्याकडं पाहिलं.

"नवी आहे," मी दारातून म्हटलं. "बसून बसून मुरेल."

तालुक्यातली माणसं ओळीनं वाकून नमस्कार करत होती. आमचे हेही वाकले. प्रत्येक नमस्कार माझ्या लुगड्याला, माझ्या मुलीच्या त्या रात्रींना पोचत होता, आणि भिंतीपलीकडं चाची पदरानं तोंड दाबून उभी होती. मी पुस्तकांत पुष्कळ विजयोत्सव वाचले आहेत. त्यांतला एकही मला एवढा नीट पाहायला मिळाला नव्हता.

एवढ्यात माझ्या हातातून मुलगी निसटली. आता ती चांगली भरली होती, गाल वर आले होते. ती सरळ बैठकीजवळ गेली, बनातीवर दोन्ही हात ठेवले. टाके घालताना ती रोज माझ्या मांडीशी असे, हे माझ्या ध्यानातून गेलं होतं.

"हे माझं हाय," ती म्हणाली. 'हाय' ती चाचीकडून शिकली होती.

रावसाहेब प्रसन्न होते. "तुझं? बरं, तुझं. या बनातीवर साहेबांची खुर्ची होती बरं का, बाळ."

"ह्यात माझी शी हाय."

नमस्कारांची ओळ थांबली. ह्यांचा चेहरा उतरला. ह्यांना अजून काही ठाऊक नव्हतं, पण माझ्याकडं पाहून सगळं ठाऊक झालं. रावसाहेबांनी मुलीला दोन्ही काखांत धरून झटकन उचललं आणि हातभर लांब धरलं.

"अहो, हिला लागलीय! न्या हिला, न्या लौकर! बनात खराब होईल!"

सगळे हसले. मी मुलीला घेऊन अंगणाच्या पार कडेला पळाले आणि तिथं भिंतीला टेकून जमिनीवर बसले. मला हसू येत होतं की रडू, ते चाचीनंही विचारलं नाही. तिनं भिंतीवरून पाण्याचा तांब्या पुढं केला आणि मी तो प्याले.

रात्री ह्यांनी विचारलं, "खरं सांग. काय काय घातलंयस आत?"

मी सांगितलं.

"अर्जसुद्धा?"

"अर्जसुद्धा."

"अक्षर चांगलं आलं होतं," ते म्हणाले आणि कूस बदलून निजले. थोड्या वेळानं त्यांची पाठ हलायला लागली. हसत होते.

वर्षभरात आमची बदली झाली. निघताना मी रावसाहेबांना नमस्कार करायला गेले. ते बैठकीवरच होते. हल्ली ते दुसऱ्या कशावर बसतच नसत. मी एकदा सगळं सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलं होतं. सुडाची अर्धी किंमत समोरच्याला कळण्यात असते, असं मला वाटत आलं होतं. पण सांगायचं म्हणजे पुरतं सांगायला हवं होतं: प्रत्येक फडकं धुतलेलं होतं, सगळ्यात वाईट होतं ते तीन पाण्यांनी, आणि पाणी त्यांच्याच आडाचं, सूर्योदयानंतर काढलेलं. मी तोंड मिटलं.

त्यांनी मला बसवून घेतलं आणि आवाज खाली आणून, पहिल्यांदाच रावसाहेबांचं म्हणणं बाजूला ठेवून, स्वतःचं सांगितलं. वैद्याच्या औषधानं दहा वर्षांत जे झालं नव्हतं ते या बैठकीनं झालं होतं. मूळव्याधीला पुष्कळ आराम होता.